मान मोजणारे साळोखे

साळोखेंनी स्टुटगार्टच्या आसपास लहान मुलांचे फुटबॉलचे शेकड्यांनी सामने पाहिले आहेत, पण त्यातला एकही गोल पाहिलेला नाही.

खोटं वाटत असेल तर एखाद्या शनिवारी सकाळी त्सुफेनहाउझेनच्या मैदानावर या. रेषेबाहेर आईबाप ओळीनं उभे असतात. चेंडू डावीकडे गेला की सगळी डोकी डावीकडे, उजवीकडे गेला की सगळी उजवीकडे. त्यात निळ्या कानटोपीतलं एकच डोकं भलतीकडे वळलेलं असतं. ते साळोखे. ज्याच्याकडे चेंडू आहे त्याच्याकडे बघायला अख्खं गाव आहे, असं त्यांचं म्हणणं. ते बघतात ज्याच्याकडे चेंडू नाही त्याच्याकडे. मग गोल होतो, आरडाओरडा होतो, आया एकमेकींना मिठ्या मारतात, आणि साळोखे शेजारच्याला विचारतात, "कुणी मारला?"

उजवा हात कायम जाकिटाच्या खिशात. आणि त्या खिशातून आवाज येत असतो. टक्. टक्. मग जरा शांतता, मग एकदम टक्-टक्-टक्. मला पहिल्यांदा वाटलं, यांना बोटं मोडायची सवय असावी.

मी पुण्याची. इथे एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. नवरा, निखिल, कामापायी आठवड्यातले चार-पाच दिवस बाहेरगावी, त्यामुळे आमच्या घरातलं फुटबॉलचं खातं माझ्याकडे. इरा, आमची मुलगी, तेव्हा नऊ वर्षांची होती आणि इथल्या क्लबच्या मुला-मुलींच्या एकत्र संघात खेळत होती. तिचा तिथला पहिलाच सामना. मी छत्री धरून उभी, आणि शेजारून मराठीत आवाज आला.

"सात नंबर तुमची?"

"हो."

"वाढदिवस कधी?"

इथे अनोळखी माणूस असं काही विचारत नाही. शेजारणीचं पहिलं नाव कळायला मला चार वर्षं लागली. पण मराठी ऐकून मी बेसावध झाले. "अठ्ठावीस डिसेंबर," मी म्हटलं.

साळोखेंनी टोपी काढली. कुणी गेल्याचं कळल्यावर काढतात तशी.

"अरारारा," ते म्हणाले. "वहिनी, चार दिवस कळ काढायला पाहिजे होती."

मला अर्थ लागायला दहा सेकंद लागले. चौदा तास कळा सोसलेल्या बाईला हे ऐकवणारा माणूस जगात असू शकतो यावर माझा विश्वास बसेना. मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांनी थर्मासचं झाकण माझ्या हातात दिलं. आल्याचा चहा होता, आणि फार चांगला होता.

"रागावू नका. हे बघा," ते म्हणाले. "हितं पोरांचे गट जन्मवर्षावर पाडत्यात. एक जानेवारीची पोरगी आणि तुमची अठ्ठावीस डिसेंबरची एकाच गटात. ती वर्षभर जास्त जेवलेली! उंच, तगडी, पळायला जोरात. मग निवड करणारी माणसं येत्यात, बघत्यात, म्हणत्यात, वा, काय टॅलेंट! टॅलेंट कसलं आलंय? जानेवारी हाय ती!"

"मग डिसेंबरच्यांनी काय करायचं?"

"त्यांच्यासाठी मी हाय की," साळोखे म्हणाले आणि पुन्हा भलतीकडे बघायला लागले. टक्.

हळूहळू मला त्यांची माहिती मिळत गेली. मूळचे कोल्हापूरचे. तिथे फुटबॉल हा खेळ नसून भावकीचा मामला आहे, हे मला त्यांच्याकडून कळलं. पेठेच्या संघातून डाव्या बाजूला खेळायचे. मग इंजिनिअर झाले, जर्मनीत आले, आणि आता एका कारखान्यात इंजिनांची चाचणी घेतात. दिवसभर मोजमाप हेच काम. म्हणूनच की काय, मुलांच्या मोजमापावर त्यांचा फार राग.

"आमच्याकडं वहिनी, इंजिनाला सुद्धा गरम व्हायला वेळ देत्यात. थंडीत निराळं तपासत्यात, गरमीत निराळं. आणि पोराला? एक शिट्टी! पळ म्हणं! त्या दिवशी त्याचं पोट दुखत असंल, घरात आईबाप भांडले असतील, कुणी बघितलं?"

"मग तुमच्या खिशात ही टकटक कसली?"

त्यांनी खिशातून स्टीलचं काउंटर काढलं. प्रदर्शनाच्या दारात माणसं मोजायला वापरतात तसलं, अंगठ्यानं दाबलं की आकडा पुढे सरकतो.

"मान," ते म्हणाले. "चेंडू आपल्याकडं यायच्या आधी पोरगं मान वळवून मागं बघतंय का, किती वेळा बघतंय, एवढंच. पाय सगळ्यांना असत्यात. मान कुणाला हाय ते बघायचं."

सुरुवातीला जर्मन आईबापांना हे प्रकरण जड गेलं. स्वतःचं मूल संघात नसताना दर शनिवारी येऊन खिशात टकटक करणारा माणूस! कुणी विचारलं, "तुमचा कुठला?" तर साळोखे प्रामाणिकपणे सांगायचे, "अजून बघतोय." शेवटी क्लबनं त्यांच्याकडून पोलिसांचा चारित्र्याचा दाखला मागवला. साळोखेंनी दुसऱ्याच दिवशी अर्ज केला आणि दाखला आल्याबरोबर आणून दिला. मग क्लबनं त्यांना गळ्यात घालायचं ओळखपत्र दिलं. ते त्यांनी इतक्या अभिमानानं घातलं की सुपरमार्केटमध्येही काढत नसत. मुलं त्यांना हेर क्लिक, म्हणजे श्रीयुत टकटक, म्हणायला लागली.

आणि त्यांनी एक फार मोठी कामगिरी केली. त्यांनी बापांना गप्प केलं. प्रत्येक संघात दोन-तीन बाप असे असतात, की जे आतल्या प्रशिक्षकापेक्षा जास्त बोलतात. "शीस! शीस!" म्हणजे मार, मार, असं ओरडून त्यांचे गळे बसतात. साळोखे अशा बापाशेजारी जाऊन उभे राहायचे आणि न बोलता वाफाळता चहा पुढे करायचे. माणूस आभार मानून घोट घ्यायचा.

"तोंडात गरम चहा असला की सूचना देता येत नाहीत," हे मला नंतर खासगीत सांगितलं गेलं. दोन महिन्यांत आमच्या क्लबचे बाप जिल्ह्यात सर्वांत शांत म्हणून प्रसिद्ध झाले. आल्याचा खप वाढला असणार.

मैदानाबाहेरही त्यांचं चालूच. बेकरीत ब्रेड कापणारी बाई कापता कापता तीनदा दाराकडे बघते, म्हणून ती मिडफिल्डर. एस-बानमध्ये, म्हणजे इथल्या लोकल गाडीत, वर्तमानपत्र वाचता वाचता म्हाताऱ्या बाईला न बघताच जागा करून देणारा माणूस, तोही मिडफिल्डर. माझ्या सासूबाई तीन महिन्यांसाठी पुण्याहून आल्या होत्या, त्यांना पाहून पाचव्या मिनिटाला साळोखे म्हणाले, "आजी स्टॉपर आहेत. कुणाला पुढं जाऊ देणार न्हाईत." सासूबाईंना ते कौतुक वाटलं. मी चहाचा घोट घेतला.

मराठी मंडळाच्या गणपतीत तर कहरच झाला. हॉलमध्ये आरती संपली, लहान मुलं प्रसादाची ताटं घेऊन गर्दीतून फिरत होती. साळोखेंनी माझा दंड धरला. "वहिनी, ती हिरव्या परकरातली बघा. गर्दी कुठं न्हाई ते बघून तिकडंच चाललीये. मोकळी जागा दिसतीये तिला! नाद खुळा!"

"अहो," सासूबाई म्हणाल्या, "ती मोदक घेऊन पळून चाललीये."

"तेच तर म्हणतोय की," साळोखे म्हणाले.

मग वसंतात क्लबकडे पत्र आलं. स्टुटगार्ट भागातल्या त्या वयाच्या मुलींची निवडचाचणी होती, झिश्टुंग म्हणतात इथे. निवड झाली की आठवड्यातून एकदा खास प्रशिक्षण, चांगले प्रशिक्षक, पुढची दारं उघडी. आमच्या क्लबनं दोन मुलींची नावं पाठवली. त्यातलं एक इराचं.

मी काय केलं ते सांगायला लाज वाटते, पण सांगते. आमची गल्ली इथल्या बहुतेक गल्ल्यांसारखी चढाची. मी फोनवर घड्याळ लावून इराला रोज संध्याकाळी तो चढ दहा वेळा पळायला लावला. इरा जर्मनमध्ये कुरकुरायची, मी मराठीत ओरडायची. चौथ्या दिवशी साळोखे तिथून चालले होते. ते थांबले, त्यांनी इराचं लालबुंद तोंड बघितलं आणि मला म्हणाले, "वहिनी, हे घोड्याचं बंद करा."

त्यानंतर ते तिला रोज अर्धा तास स्टेशनच्या पुलावर न्यायचे. मीही सोबत जायची. तिथे एकच खेळ. इरानं कठड्याकडे तोंड करून उभं राहायचं. साळोखे टाळी वाजवणार, तिनं मान वळवून डोळ्याच्या उघडझापीएवढं बघायचं आणि पुन्हा समोर तोंड करून मागे काय काय होतं ते सांगायचं.

"तीन माणसं, एक कुत्रा," इरा जर्मनमध्ये सांगायची. "लाल बॅगवाली बाई जिन्याकडे निघालीये."

"आणि मोकळी जागा?"

"लिफ्टजवळ!"

"जगात भारी!" साळोखे ओरडायचे. पुलावरची जर्मन माणसं दचकायची. आठवड्याभरात इरा चालता चालता मान वळवायला लागली. मी विचारलं की म्हणायची, मम्मा, बघतेय. बघायला मजा येते.

चाचणीच्या रविवारी सकाळी आम्ही तिघं एस-बाननं गेलो. मोठं मैदान, कडेला दोऱ्या बांधलेल्या, दोऱ्यांमागे आम्ही पालक. शंभरावर मुली असतील. प्रत्येकीच्या छातीवर नंबर. इराचा चौतीस. शेजारी उभ्या असलेल्या अकरा नंबरच्या मुलीच्या खांद्यापर्यंत इराची शेंडी पोचत होती.

"फेब्रुवारी," साळोखे पुटपुटले. "फार तर मार्च."

आधी पळणं. दोन तिवयांमधून न दिसणारा किरण जातो, तो तुटला की घड्याळ सुरू. इरा बुटाची नाडी घट्ट करायला वाकली, तिच्या डोक्यानं किरण तुटला आणि ती खाली बसलेली असतानाच घड्याळ धावायला लागलं. सगळे हसले. दुसरी संधी मिळाली, पण तोवर तिचे पाय जड झाले होते. मग खांबांमधून चेंडू नेण्याची चाचणी. पहिलाच खांब तिनं आडवा केला. मी डोळे मिटले. शेजारी खिसा गप्प होता. या चाचण्यांत मानेचं काम नव्हतं.

शेवटी चार-चार मुलींचे छोटे सामने लागले. आणि मग, काय सांगू!

इरा मधोमध उभी होती. चेंडू दुसरीकडे होता आणि ती बघत होती, डावीकडे, मागे, पुन्हा उजवीकडे, पुलावर बघायची तशीच. तिच्याकडे चेंडू आला तेव्हा अकरा नंबर मागून धावत येत होती, मोठी मोठी पावलं टाकत. इरानं चेंडू अडवलाच नाही. दोन्ही पायांच्या मधून जाऊ दिला, स्वतः गर्रकन वळली, अकरा नंबर तिच्या जागेवरून तशीच पुढे निघून गेली, आणि इरानं न बघता, म्हणजे आधीच बघून ठेवलेलं असल्यामुळे, चेंडू लांबवरच्या एका दोन वेण्यांच्या मुलीकडे ढकलला. ती एकटीच मोकळी उभी होती. गोल! सगळ्यांनी वेण्यांसाठी टाळ्या वाजवल्या.

साळोखेंनी काउंटर खिशातून बाहेर काढलं होतं. मग ते डोक्यावर धरलं. मग मोठ्यानं मोजायला लागले. "नऊ! वहिनी, दहा! बघितलं का, अकरा! परत वळवली, बारा!" एक स्वयंसेवक दोरीकडे यायला लागला. ज्यांनी अख्ख्या क्लबचे बाप गप्प केले ते साळोखे दोरीवरून आत वाकून मराठीत आकडे ओरडत होते! मी थर्मास उघडला, झाकणात चहा ओतला आणि सरळ त्यांच्या तोंडाला लावला. चहा पीत असतानाही त्यांचा अंगठा चालूच होता.

दुपारी मुख्य निवडकर्त्या फ्राऊ लिंडनर यांनी यादी वाचली. पन्नाशीच्या, आखूड केसांच्या, गळ्यात शिट्टी. सोळा नंबर होते. अकरा होता. वेण्यांचा होता. चौतीस नव्हता.

इरानं मान खाली घातली आणि बुटांची नाडी सोडायला बसली. साळोखे तरातरा फ्राऊ लिंडनरांकडे निघाले. आता काही खरं नाही, असं म्हणत मी मागोमाग धावले. साळोखेंच्या जर्मनमध्ये कोल्हापूर आणि श्वाबेन, म्हणजे हा इथला मुलूख, दोन्ही आहेत, आणि रागावले की त्यातलं फक्त कोल्हापूर उरतं.

पण ते अगदी हळू बोलले. "आल्झो, हे बघा फ्राऊ लिंडनर. भांडायला आलो नाही. एकच विचारायचंय. चौतीस नंबर चेंडू यायच्या आधी काय करत होती, ते कुणी लिहिलं का?"

बाईंनी त्यांच्याकडे बघितलं. मग हातातला कागद त्यांच्याकडे फिरवला. छापील रकान्यांच्या बाहेर, कोऱ्या कडेला, पेन्सिलीच्या बारीक रेघा होत्या. बहुतेक नंबरांपुढे दोन-चार. चौतीसपुढे नुसता गुच्छ.

"गेनाऊ, अगदी बरोबर," फ्राऊ लिंडनर म्हणाल्या. "हा रकाना फॉर्ममध्ये नाही. माझा मीच करते." मग मला म्हणाल्या, "आज मला सोळाच घेता येतात, आणि ती अजून फार लहान पडते. धक्का लागला की उडेल. शरद ऋतूत पुन्हा बोलावणार आहे, पत्र येईल. आणि तोवर हिला कुणी पळवत बसू नका."

मी जमिनीकडे बघितलं.

साळोखेंचं तोंड असं झालं होतं, जणू जन्मभर एकटेच बोलत असलेली भाषा त्यांना दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकू आली होती. "मान मोजली बाईनं," ते परतताना तीनदा म्हणाले. "कडेला रेघा मारून! वहिनी, मी एकटा न्हाई!"

पण दहा वर्षांच्या मुलीला शरद ऋतू म्हणजे पुढचा जन्म. स्टेशनपर्यंत इरा एक शब्द बोलली नाही. प्लॅटफॉर्मच्या बाकावर आम्ही बसलो, आणि ती शांतता मला सहन होईना. मी म्हटलं, "इरा, पण तो पहिला खांब तू जर जरा..."

"वहिनी."

साळोखे एवढंच म्हणाले, पण त्या आवाजात मी त्यांना कधी बोलताना ऐकलं नव्हतं. मी थांबले.

मग ते समोरच्या रुळांकडे बघत म्हणाले, "मला मुलगा हाय. सोहम. आता सोळा वर्षांचा. एर्लांगेनला असतोय, आईजवळ."

एवढ्या शनिवारांत हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं.

"असाच चाचणीला नेला होता. इराएवढाच होता. राहिला बाहेर. येताना गाडीत मी त्याला त्याचे आकडे सांगत आलो. पळण्यात किती कमी, उडीत किती कमी, खांबांत किती. मला वाटलं, शिकवतोय. दीड तासाचा रस्ता. तो मागं बसला होता, खिडकीतून बघत होता. घरी आल्यावर त्यानं बूट पिशवीत घातले, पिशवी तळघरात नेऊन ठेवली. संपलं." त्यांनी थर्मासचं झाकण घट्ट फिरवलं. "खेळाचं जाऊ दे. बोलायचाच कमी झाला. महिन्याला एकदा जातो मी. दोघं जेवतो. तो फोनमधी बघतो, मी ताटात बघतो."

इरा सगळं ऐकत होती. मराठी तिला पुरतं कळतं. तिनं विचारलं, अर्थात जर्मनमध्ये, "मग गाडीत तुम्ही काय बोलायला हवं होतं?"

साळोखेंनी त्यावर फार विचार केला नाही. या प्रश्नाचं उत्तर त्यांनी कितीतरी वर्षांपूर्वी काढून ठेवलेलं असणार.

"भूक लागली का, एवढंच," ते म्हणाले.

इरानं सोडलेली नाडी बुटात खोचली. मग म्हणाली, "मला लागलीये."

प्लॅटफॉर्मवर छोटं दुकान होतं. साळोखे ताडकन उठले आणि तीन मोठे, लोणी लावलेले ब्रेत्सेल, म्हणजे इथले पीळ घातलेले पाव, घेऊन आले. इरा खायला लागली. दोन घास झाल्यावर तिनं साळोखेंकडे बघितलं आणि म्हणाली, "त्याला आत्ता विचारा की."

"कुणाला?"

"सोहमला."

"आता सोळा वर्षांचा घोडा झालाय तो. आता काय विचारायचं?"

"सोळा वर्षांच्या मुलांना भूक लागत नाही?"

साळोखेंनी माझ्याकडे बघितलं. मी ब्रेत्सेल खात राहिले. त्यांनी फोन काढला, एका बोटानं काहीतरी लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. मला दिसलं ते. "जेवलास का?" एवढंच होतं. पाठवलं आणि फोन मांडीवर उलटा ठेवला. "न्हाई बघणार तो. झोपला असंल," म्हणाले. दुपारचे तीन वाजले होते.

आमची एस-बान आली. आम्ही चढलो नाही. का, ते कुणी कुणाला सांगितलं नाही.

फोन थरथरला. साळोखेंनी तो सुलटा केला. फोटो होता. एक ताटली, पास्ता, वर किसलेलं चीज, कडेला काटा धरलेला एक मोठा, हाडकुळा हात. खाली दोन शब्द, जर्मनमध्ये. "उंड डू?"

साळोखे बघत राहिले. स्क्रीन मावळली, त्यांनी अंगठ्यानं पुन्हा उजळवली. मग फोन माझ्यापुढे धरला.

"वहिनी, ह्याचा अर्थ 'आणि तुम्ही?' असाच ना?"

"अहो साळोखे, अठरा वर्षं जर्मनीत आहात तुम्ही."

"व्हय. पण तसाच ना?"

"तसाच," मी म्हटलं.